‘टक्’ करून थांबणारा सेल्फ आणि चार दिवसांत बसणारी बॅटरी

नंदगडजवळच्या एका शेतकरी दादांचा प्रश्न आहे. वडिलांच्या काळातला बी-२७५ ट्रॅक्टर, त्यावर बॅटरी भरायला अजून जुना डायनॅमोच. किल्ली फिरवली की बऱ्याचदा नुसतं ‘टक्’ वाजतं, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरत नाही. धक्का मारला की लगेच चालू होतो. दिवाळीत नवी बॅटरी घातली, तीही तीन-चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की बसते. एक मेस्त्री म्हणतात सेल्फ बदला, दुसरे म्हणतात डायनॅमो काढून त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा. रोपलागण तोंडावर आली आहे, काय करू?

दादा, दोन्हींपैकी काहीही विकत घ्यायच्या आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. निपाणीत तीस वर्षं मी हेच काम करतोय. तंबाखूच्या रानातले, उसाच्या ट्रॉलीचे, खानापूरच्या भातातले, सगळ्या तऱ्हेचे जुने ट्रॅक्टर हाताखालून गेले. बदलायला आणलेल्या सेल्फांपैकी निम्मे तरी बदलायची गरज नसते, हे मी अनुभवाने सांगतो. दोष वायरीत असतो, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) असतो, अर्थिंगमध्ये (बॅटरी चासीला जोडणाऱ्या वायरीत) असतो, आणि पैसे मात्र पार्टवर जातात.

तुमचा ट्रॅक्टर डिझेल. त्याला स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, करंट देऊन पेटवायचं काही नाही. आपल्याकडे ‘इग्निशन’ म्हणतात ती फक्त किल्लीची स्विच. इंजिन एकदा चालू झालं की त्याला बॅटरीची गरज उरत नाही. बंदसुद्धा आपण ओढायच्या दांडीने पंपाचं डिझेल तोडून करतो. म्हणून तर धक्क्यावर चालू होतो आणि दिवसभर बिनतक्रार चालतो. आणि म्हणूनच चार्जिंग सहा महिने बंद असलं तरी कळत नाही. ट्रॅक्टर उतारावर लावायची सवय लागली की दुखणं झाकलं जातं आणि तोवर बॅटरी आतून खराब होत राहते.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी आहेत: सेल्फ फिरत नाही, उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते, आणि चालताना ती भरली जाते की नाही याचा पत्ता नाही. तिन्ही एकत्र गुंतवल्या की मेस्त्रीचाही गोंधळ होतो. एकेक करून बघू.

आधी बॅटरी. दुकानात देऊन पूर्ण चार्ज करून आणा, चार-पाच तास तशीच ठेवा आणि मग मीटर लावा. १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. १२ च्या खाली गेली असेल तर तिच्यावर कसलीच परीक्षा करू नका, सगळे आकडे खोटे येतील. व्होल्ट ठीक दिसले तरी हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, सहाही घरांचं ॲसिड बघा. पाच घरं १.२५० दाखवतात आणि एक १.१५० वर अडकलंय, तर ते घर गेलं. कितीही चार्ज करा, सेल्फच्या ओढीला ती बॅटरी टिकणार नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, वरून ॲसिड घालू नका. आणि हे करताना तोंडात बिडी नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.

आता ‘टक्’चं बघू. रात्री किंवा शेडच्या अंधारात हेडलाईट लावा आणि किल्ली फिरवा. लाईट एकदम विझल्यासारखी झाली तर करंट वाटेतच अडतोय: बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. लाईट जशीच्या तशी राहिली आणि फक्त टक् वाजलं, तर सेल्फ करंट घेतच नाही: सोलेनॉइडचे (किल्ली फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) आतले काँटॅक्ट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) संपलेत. लाईट बरीच मंदावली आणि इंजिन जड जड अर्धा फेरा फिरून थांबलं, तर सेल्फचे बुश झिजून आर्मेचर (आतला फिरणारा गाभा) घासतंय, किंवा इंजिनच जाम आहे. एवढ्या एका परीक्षेत निम्मं निदान होतं आणि तिला खर्च काही नाही.

माझा अंदाज, तुमची लाईट विझत असणार. नवी बॅटरी असून टक् आणि धक्का मारला की लगेच चालू, हे लक्षण जोडाचं आहे. तुमच्या खानापूर भागातला पाऊस मला माहीत आहे, त्या ओलीत तांब्याची काय गत होते तेही.

एक हिशेब ध्यानात ठेवा. असल्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना दोनशे-अडीचशे अँपिअर ओढतो. वाटेत कुठे एका ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा आला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच मरतात. बाराचे दहा झाले, वर बॅटरी थोडी कमी असली की नऊ. सोलेनॉइड ओढायला तेवढं पुरतं, म्हणून टक् वाजतं. सेल्फ फिरवायला पुरत नाही. हाच अडथळा टेस्ट लॅम्पला दिसत नाही, कारण लॅम्प एखादा अँपिअरही घेत नाही. ‘करंट येतोय की हो’ असं म्हणून मेस्त्री सेल्फ खोलतात, ते याच्यामुळे.

म्हणून मीटर लावायचा तो सेल्फ मारतानाच. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खांबावर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खांबावर. दुसरं टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, जिथे करंट सेल्फच्या आत जातो. घरच्या कुणाला तरी गिअर न्यूट्रल बघून, डिझेल बंदची दांडी ओढून धरून पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर त्या वाटेत दोष आहे. मग अर्थिंगची बाजू: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या उघड्या लोखंडावर. इथे ०.३ च्या वर जाता कामा नये. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांत ९.६ च्या खाली येत असेल तर बॅटरीच कमकुवत आहे.

ही अर्थिंगची बाजू मी इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. गॅरेज टाकल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. हुक्केरी बाजूच्या एका शेतकऱ्याला मी नवा सेल्फ घालायला लावला. आठ दिवसांनी तो परत आला, तसाच टक् घेऊन. मग मी बॅटरीची पेटी काढली. खाली अर्थिंगची पट्टी चासीला बोल्टने धरलेली. वरून काळी कुळकुळीत, नव्यासारखी, कारण मधे कधीतरी ट्रॅक्टर रंगवताना तिच्यावरही रंग मारला होता. बोल्ट सोडला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी, चिमटीत धरली की पिठासारखी सुटत होती. पट्टीच्या वेणीतल्या तारा निम्म्याहून जास्त तुटलेल्या. मीटर लावला, २.८ व्होल्ट. लोखंड चकचकीत होईस्तोवर घासलं, नवी पट्टी घातली, ०.२. जुना सेल्फच परत चढवला आणि पहिल्या दणक्यात इंजिन फिरलं. नव्या सेल्फचे पैसे मी त्याला परत दिले. तेव्हापासून आकडा बघितल्याशिवाय मी कुणाला पार्ट सांगत नाही.

केबल वरून बघून फसू नका. प्लास्टिक धड असतं आणि थिंबलजवळ आत तांबं काळं पडलेलं असतं. केबल थिंबलपाशी वाकवून बघा. कडक, कुरकुरीत लागली तर आत भुकटी झालीय. आणखी सोपी खूण: तीन-चार वेळा सेल्फ मारून झाल्यावर बोटाने एकेक जोड चाचपा. जो गरम लागेल तोच चोर. नवी केबल घेताना कारची बारीक केबल घेऊ नका. ३५ ते ५० चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, थिंबल दाबून बसवलेलं असावं आणि वरून डाखही असावा. खांब आणि क्लॅम्प आतून घासा, आवळा, मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळायचं नाही. बॅटरी सोडताना अर्थिंगचं टर्मिनल पहिलं काढायचं, जोडताना शेवटी, म्हणजे पान्हा चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

सोलेनॉइडबद्दल एकच सांगतो, आणि ते हात जोडून सांगतो. जमिनीवर उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारायची पद्धत बंद करा. तिथे न्यूट्रलची स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ फिरू न देणारी) असली तरी तिला वळसा बसतो. गिअर पडलेला असेल तर इंजिन त्याच क्षणी चालू होतं आणि मागचं चाक, जो जोडायला उभा आहे त्याच्याच अंगावर येतं. न्यूट्रल स्विच बिघडलीय म्हणून दोन वायरी पिळून ठेवलेल्या मी दर आठवड्याला बघतो. तुमच्या ट्रॅक्टरला तसं काही केलेलं असेल तर आधी ते सोडवा, बाकी सगळं नंतर.

आता उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी. इथेही आकडाच वाट दाखवतो. तुमची बॅटरी समजा ८८ अँपिअर-तासाची आहे आणि भरलेली असताना चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत बसते. म्हणजे साधारण पाऊण ते एक अँपिअर रात्रंदिवस कुठेतरी जातोय. पाच वॅटचा एक बल्ब ०.४ अँपिअर घेतो. ट्रॉलीच्या सॉकेटमधून तसे दोन पेटते राहिले तरी एवढंच होतं. कुणी तुम्हाला ‘कटआऊट चिकटलाय’ असं सांगितलं असेल तर ते या हिशेबात बसत नाही. कटआऊट म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत शिरतो, आणि तो चांगला मोठा असतो: बॅटरी एका रात्रीतच बसते, उभा डायनॅमो हाताला गरम लागतो, अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे जाऊन पडलेला असतो. तुमच्याकडे चार दिवस लागतात. गळती बारीक आहे.

ती शोधायला किल्ली बंद करा, बॅटरीचं अर्थिंग काढा आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. डायनॅमोवाल्या जुन्या ट्रॅक्टरला घड्याळ नाही, काँप्युटर नाही. किल्ली बंद असताना शून्यच यायला हवं. आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लाईनमध्ये चोर. फ्यूज सगळे काढूनही आकडा राहिला, तर नंतर थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी बघा: टेप, मोबाईल चार्जर, जादाचा हॉर्न. तुमच्याकडे ट्रॅक्टर पिंजराच्या (भाताच्या काडाच्या) गंजीशेजारी उभा असतो का? उंदीर वायरीची साल खातात आणि उघडी तार पावसाळ्यात चासीला टेकते. डॅशबोर्डमागे आणि डिझेल टाकीखाली हात घालून वायर चाचपत जा.

मीटर शून्य दाखवतो आणि तरी बॅटरी उतरते, तर बॅटरीचा माथा बघा. ॲसिडची ओल आणि धूळ मिळून वर एक थर बसतो आणि त्यातूनच करंट एका खांबातून दुसऱ्याकडे झिरपतो. मीटरचं काळं टोक निगेटिव्ह खांबावर ठेवा आणि लाल टोक नुसतं माथ्याच्या प्लास्टिकवर फिरवा. प्लास्टिकवर व्होल्ट दिसले की समजा. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडं करा.

तिसरं, चार्जिंग. अँपिअर मीटरच्या काट्याबद्दल गैरसमज फार. इंजिन चालू झाल्यावर काटा चार्जकडे जातो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू मध्याजवळ परततो. मध्याजवळ आहे म्हणजे चार्जिंग बंद असं नाही. आणि डायनॅमो असेल तर इंजिन हळू चालताना काटा थोडा डिस्चार्जकडे राहणं ठीकच आहे. डायनॅमो फिरल्याशिवाय देत नाही. थ्रॉटल वाढवा, तेराशे-चौदाशे आरपीएमला बॅटरीच्या खांबांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ आलं तर डायनॅमोला हात लावू नका. १२.४ च्या आसपासच थांबलं तर तो भरत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर आवरत नाही आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतंय.

भरत नसेल तर आधी बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा, १०-१५ मिलिमीटर दबला पाहिजे. ढिला असेल तर आवळा, पण तारेसारखा ताणू नका, डायनॅमोचा बुश जातो. मग डायनॅमोची परीक्षा. मागे दोन टर्मिनल असतात: मोठं डी, लहान एफ. दोन्हींच्या वायरी काढून खूण करून ठेवा. चाळीस वर्षांत किती हात फिरले असतील, रंगांवर भरवसा नको. डी आणि एफ एका तुकड्याने जोडा, मीटर त्या जोडावर आणि डायनॅमोच्या अंगावर लावा. इंजिन चालू करून थ्रॉटल हळूहळू वाढवा. हजार आरपीएमच्या आतच वीसएक व्होल्टपर्यंत चढला तर डायनॅमो ठणठणीत. तिथेच थांबा, आणखी रेस देऊ नका. एक-दोन व्होल्टवरच अडला तर फील्ड कॉइल बघा. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचर. काहीच नाही तर बहुतेक कार्बन अडकलेत किंवा कम्युटेटर (कार्बन ज्याला टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा पडलाय. मागची पट्टी काढून कार्बन स्प्रिंगवर मोकळे हलतात का बघा, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कोरून घ्या. हे काम स्वस्त आहे आणि पुष्कळदा एवढ्यावर डायनॅमो परत उभा राहतो.

डायनॅमो चांगला निघाला तर वायरी जागेवर लावून कटआऊटच्या डब्याकडे या. त्यात ई लिहिलेलं टर्मिनल असतं, ते अर्थिंग. ती वायर तुटली किंवा तिचा स्क्रू गंजला की कटआऊटची कॉइल ओढत नाही आणि डायनॅमो चांगला असून बॅटरीला काही पोचत नाही. मी कटआऊट बदलायच्या आधी ती वायर बघतो, नेहमी. पॉइंट जळून काळे झाले असतील तर बॅटरी सोडून हलक्या हाताने साफ करा. स्प्रिंगचे स्क्रू फिरवत बसू नका, तो मीटर लावून करायचा उद्योग आहे.

डायनॅमो खोलला किंवा दुसरा बसवला तर त्याला दिशा द्यावी लागते. एफ ची वायर काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून एक वायर आणून एफ ला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची, ठिणगी उडेल एवढंच. जुन्या काही ट्रॅक्टरना पॉझिटिव्ह अर्थ असायचं, म्हणून कुठलं टर्मिनल चासीला आहे ते आधी डोळ्यांनी बघा. अल्टरनेटरला मात्र हे कधीही करायचं नाही, त्याचे डायोड उडतात.

मग अल्टरनेटर बसवायचा का? ट्रॅक्टर दिवसा चिखलणीला, नांगरटीला वापरता, रात्री दोन हेडलाईट एवढाच भार, तर माझं मत स्वच्छ आहे: नको. पण उसाच्या हंगामात ट्रॉली ओढत असाल तर वेगळं. आमच्याकडे चिकोडी-रायबागच्या रस्त्यावर कार्तिकानंतर बघा, पुढे चार लाईट, मागे झगमगाट, वर स्पीकर. दोन हेडलाईटच ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअर. कामाची लाईट, ट्रॉलीचे बल्ब, वर गाण्याचं ॲम्प्लिफायर धरा, वीस-पंचवीसवर जातं. जुना डायनॅमो पूर्ण वेगात जेमतेम वीस-बावीस देतो आणि कारखान्याच्या रांगेत तर इंजिन हळूच असतं. तिथे अल्टरनेटर घाला. घालताना जुना कटआऊट-रेग्युलेटर सर्किटमधून पूर्ण काढा, अर्थ निगेटिव्ह करून घ्या, चार्जिंगची वायर जाड घ्या, पुली बेल्टच्या सरळ रेषेत बसवा आणि वॉर्निंगचा बल्ब जोडा, कारण बऱ्याच अल्टरनेटरना पहिला करंट त्या बल्बातूनच मिळतो. बल्ब गेला की ‘नवा अल्टरनेटर चार्ज करत नाही’ म्हणून लोक परत येतात. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग आहे का’ ते बघायची डायनॅमोच्या काळातली सवय इथे चालणार नाही. ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करताना अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही सोडा.

रोपलागणीपर्यंत अडला तर शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून चालू करा: पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, निगेटिव्हचं शेवटचं टोक बॅटरीवर नको, इंजिनच्या ब्लॉकवर, पण हे दोन्ही ट्रॅक्टरना निगेटिव्ह अर्थ असेल तरच. लॉरीचे २४ व्होल्ट मात्र लावू नका.

मला चार आकडे कळवा: सेल्फ मारताना पॉझिटिव्ह बाजूचा, अर्थिंग बाजूचा, किल्ली बंद असताना जाणारा करंट आणि तेराशे आरपीएमचे बॅटरीवरचे व्होल्ट. त्यावरून काय घ्यायचं, की काहीच घ्यायचं नाही, ते सांगतो.